भावाच्या कुरणावर लाल रंग

उद्यानाच्या कचेरीत तिला सगळे 'लालबाई' म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. राष्ट्रीय उद्यानातल्या कुठल्या जमिनीला पर्यटकांची वर्दळ झेपेल आणि कुठल्या नाही, हे ती पायी हिंडून ठरवायची. जिला झेपेल ती नकाशावर हिरवी, जिला नाही ती लाल. हिच्या जिभेला हाड नाही, असं तिची आईच म्हणायची.

त्या वर्षी तळ्याकाठचं कुरण तपासायचं होतं. तिथे राहुट्या उभारायचा परवाना मागितला होता तिच्याच थोरल्या भावाने. आईच्या घरावरून दोघांचं आधीच वाजलेलं, बोलणंही बंद.

उतार बेताचा, रस्ता जवळ, तळं तर नजर खिळवणारं. पण फावडं मारलं की हातभर खाली पाणी, आणि गवतात जागोजाग पक्ष्यांची घरटी. तिने लाल रंग भरला. भरताना तिला बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं, आणि तेच तिला खटकलं.

"साहेब, तो माझा भाऊ आहे," ती कचेरीत वरिष्ठांना म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

दुसऱ्या उद्यानातला मातीतज्ज्ञ आला. तिला काही न विचारता हिंडला, घोट्यापर्यंत चिखल घेऊन परतला. त्याचाही रंग लालच.

सुनावणीत भाऊ ताडकन उठला. "पक्ष्यांचं नाव कशाला? हिला माझं बरं झालेलं बघवत नाही!"

"नाहीच बघवत," ती कडाडली. "पण म्हणून चिखल मी नेऊन ओतला का रे तिथे?"

लोक हसले. ते हसू भावाला जास्त झोंबलं.

परवाना नाकारला गेला. पुढच्या रविवारी ती आईला भेटायला गेली, तर दारात वहिनी आडवी.

"आई झोपल्यात."

"खोकतेय ती. मी बहिरी नाही."

आतून आईचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"आई, मी आहे!"

मग आई म्हणाली, "आधी दादाची माफी माग. मग ये."

"माफी? कशाची?" तिने विचारलं.

वहिनीने दार लोटलं. ती पायऱ्या उतरली. माफी तिने कधीच मागितली नाही, आणि दारही पुन्हा उघडलं नाही.