थप्पीच्या आत किती

अर्पिताला पहिलीत ‘एक’ म्हणता यायचं नाही. म्हणजे यायचं, पण ती म्हणायची नाही. बाईंनी टेबलावर चिंचोके मांडले आणि मोज म्हणाल्या, तर हे ध्यान उभं राहून ठसक्यात म्हणालं, "लाभ, दोन, तीन, चार." वर्ग खो खो हसला. बाईंनी दोनदा समजावलं, अगं, एक म्हण, एक. हिनं मान डोलावली आणि पुन्हा लाभच म्हटलं. आता यात पोरीचं काय चुकलं? बाप बलभीम उमरग्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. मोंढ्यात माल मोजताना पहिल्या पोत्याला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात, सुरुवात शुभ शब्दानं व्हावी म्हणून. ती बापाच्या शेजारी बारदान्यावर बसून मोजायला शिकली होती. शाळा नंतर आली.

बारावीनंतर ती बी.कॉम.ला गेली तेव्हा शेजारपाजारचे बलभीमला म्हणाले, नर्सिंगला घाल की, लगेच नोकरी लागती. बलभीमनं कुणाशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, "म्या पोती उचलली. ती पोती लिहील." हे वाक्य त्यानं पुढं तीन वर्षं इतक्या जणांना ऐकवलं, की मोंढ्यातली माणसं त्याला बघितलं की आधीच म्हणायची, व्हय व्हय, लिहील, लिहील.

दुसऱ्या वर्षाला असताना तिला काम लागलं. लावलं राजशेखर अप्पांनी. हैदराबाद रस्त्याला अप्पांची तीन गोदामं, आणि बलभीम बावीस वर्षं त्यांच्याकडं. अप्पांनी कर सल्लागार राघवेंद्र सरांकडं शब्द टाकला, आणि कॉलेज सुटलं की अर्पिता त्यांच्या ऑफिसात बसू लागली. बिलं लावायची, कॉम्प्युटरवर नोंदी घालायच्या, चहा सांगायचा. अप्पा माणूस तोंडाचा गोड. रस्त्यात दिसले तरी गाडीची काच खाली करून तिला विचारायचे, "काय साहेब, अभ्यास चाललाय न्हवं?" बलभीमला त्या ‘साहेब’चं केवढं कौतुक! घरी येऊन बायकोला, तुळजाबाईला, तो ते नक्कल करून दाखवायचा.

त्या वर्षी एकतीस मार्चला सरांनी तिला अप्पांच्या गोदामात पाठवलं. गोदामातल्या तुरीवर बँकेनं अप्पांना पैसा दिलेला. तूर जागेवर आहे, मोजली आहे, असा कागद दर मार्चअखेर बँकेला लागायचा. सरांना पन्नास कामं. "मोजून ये," म्हणाले, "तुझ्या घरचंच गोदाम हाय."

नवा पंजाबी ड्रेस, हातात पॅड, कानामागं पेन. बलभीमनं बाकीच्या हमालांना बाजूला सारून तिला वाट करून दिली, जशी काही कलेक्टर आली. अप्पाही मागं येऊन उभे राहिले. पोत्यांची तीन नंबरची थप्पी दाराकडून मागच्या भिंतीपर्यंत भरलेली, पत्र्याला टेकायला हातभर कमी. लांबीला वीस पोती तिनं मोजली. उंचीला पंधरा मोजली. राहिली खोली. दोन्ही बाजूंना दुसऱ्या थप्प्या खेटून लावलेल्या, डोकावायला फट नाही.

"दादा, आत किती ओळी?" तिनं बापाला विचारलं.

बलभीम खांद्यावरचं फडकं झटकत होता. झटकतच राहिला. मग म्हणाला, "बारा."

वीस गुणिले पंधरा गुणिले बारा. तीन हजार सहाशे. तिनं लिहिलं, ‘मोजणी करणार’ असं छापलेलं होतं त्यापुढं सही केली. निघताना कुठूनतरी मांजराच्या पिल्लांचा बारीक आवाज आला. कुठं आहेत बघायला ती वाकली, तर बलभीम म्हणाला, "व्याली असंल मागं कुठं. चल तू, उशीर हुतूय तुला." आणि बापानं पहिल्यांदाच तिला दारापर्यंत सोडलं नाही.

हे ती विसरली. विसरणारच. वीस वर्षांच्या पोरीनं बापाच्या शब्दावर शंका घ्यायची म्हणजे काय!

तिसऱ्या वर्षाला ऑडिटिंगचा पेपर लागला. शिकवायला चारुशीला मॅडम, आवाज खणखणीत, डुलकी घेणाऱ्याला खडू फेकून मारणाऱ्या. सप्टेंबरातल्या एका दुपारी त्या माल मोजणी शिकवत होत्या. "मोजायचं म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं," म्हणाल्या. "रास असली तर वर चढा, आतली चार पोती ओढायला लावा. मालकाला विचारू नका. आणि त्याच्या नोकराला तर मुळीच विचारू नका. तो बिचारा काय सांगणार?"

अर्पिता लिहीत होती. ‘नोकराला’ लिहिलं आणि पेन थांबलं. मी कुणाला विचारलं? दादाला विचारलं. आणि त्या क्षणी तिच्या कानात ती पिल्लं ओरडली. मागून नव्हती ओरडत. समोरून, पोत्यांच्या आतून ओरडत होती. बारा ओळी खच्चून भरलेल्या असतील तर मांजर व्यायला जागा कुठली?

तास संपेपर्यंत तिनं वहीत वीस, पंधरा, बारा असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

त्यानंतर ती मुद्दाम दुपारचा डबा घेऊन गोदामावर जाऊ लागली. तुळजाबाईला वाटलं, लेकीला बापाची माया आली. अर्पिता बसून नुसती बघायची. गोदामात गारवा असतो, हमाल जेवायला थप्प्यांना पाठ टेकून बसतात. एक नंबरला टेकायचे, दोन नंबरला टेकायचे. तीन नंबरला कुणी टेकत नव्हतं. एकदा अणदूरकडून नवा आलेला हमाल, शंभुलिंग, भाकरीचं गठुडं घेऊन नेमका तिथं बसला. बलभीम ताटावरून उठून धावला. "ऊठ! ऊठ म्हणतो न्हवं!" त्याचा हात धरून त्यानं त्याला फरफटत दारापर्यंत आणलं. इतक्या वर्षांत बलभीमचा आवाज रागानं चढलेला कुणी ऐकला नव्हता. सगळे हसले, म्हातारा पिसाळला म्हणून. अर्पिताला हसू आलं नाही. तिनं थप्पीकडं बघितलं. मधोमध, छातीच्या उंचीला, पोती बाहेर आली होती. हमाल त्याला पोट सुटणं म्हणतात. गेल्या मार्चमध्ये पोट नव्हतं.

घरीही बलभीम बदलला. जेवता जेवता घास हातात धरून बसायचा. शेजारी कुणी पत्र्यावर काही टाकलं, आवाज झाला, की उठून उभा राहायचा. तुळजाबाईनं अंगारा लावला, काही फरक नाही. अर्पितानं दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तो म्हणाला, "तू परीक्षा दे. बाकीचं बघायला म्या हाय."

पण काय बघणार होता तो? ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कळलं. ऑफिसात अप्पा सरांसमोर बसून फोनवर कुणाला तरी सांगत होते, "एकतीसला बँकेची मोजणी आटपली की एक तारखेला तीन नंबर गाड्यांत घालायची. बलभीम आणि त्याची माणसं हायत, दिवसात हुतंय." अर्पिता बिलं लावत होती. पोट सुटलेली थप्पी खालून ओढायची म्हणजे ती पुढच्या माणसाच्या अंगावर येणार. आणि पुढं कोण असणार? जो दुसऱ्या कुणाला तिथं टेकू देत नाही तोच. आत काय नाही हे हमालांत त्याला एकट्याला माहीत होतं, म्हणून पहिलं पोतं तोच ओढणार होता. एवढं कळायला बी.कॉम. लागत नाही.

तीसच्या संध्याकाळी, तुळजाबाई नळावर गेली होती तेव्हा, तिनं बापाला सरळ गाठलं.

"दादा, उद्या म्या चढून मोजणार हाय."

बलभीम दाढी करत होता. हातातला आरसा खाली ठेवला. "चढू नगंस."

"का?"

"न्हाय म्हणलं ना!" मग आवाज खाली आणला त्यानं. "गेल्या वर्षीच्या कागदावर तुझी सई हाय, पोरी. कळतंय का तुला? उद्या उघडं पडलं तर आदी तुला धरत्याल. तुझी परीक्षा, तुझं समदं जाईल."

"मग मला बारा का सांगितलं?"

अर्धी दाढी तशीच, साबण गालावर वाळत होता. तो म्हणाला, "अप्पा मागं उभं हुतं. तुझ्या कामाचा शब्द त्यांनीच टाकलावता. माझ्या तोंडातून निघून गेलं. मागं कसं घ्यायचं त्ये मला कळलं न्हाय."

अर्पिताला राग आला, रडू आलं, आणि त्या अर्ध्या दाढीची इतकी दया आली की तिला तिथं उभं राहवेना. ती चपला घालून नळावर आईची घागर आणायला गेली.

एकतीसला सकाळी अकराला गोदामात चौघं जमले. अप्पा, अर्पिता, बलभीम, आणि यंदा नवीनच बदलून आलेल्या बँकेच्या मॅडम. पाच हमाल दारात उभे. मॅडमना लातूरला जायची घाई होती. अप्पांनी थंड पेयाच्या बाटल्या मागवल्या होत्या. "गेल्या वर्षीचाच माल हाय, मॅडम," ते म्हणाले. "हलवला न्हाय. ही आमची पोरगी, गेल्या वर्षी हिनंच लिहिला कागद."

मॅडमच्या हातातल्या फायलीत तो कागद वर होता. अर्पिताला स्वतःची सही दिसली, गोल गोल, शेवटी शेपूट काढलेली. कॉलेजच्या वहीवर सराव करून बसवलेली सही.

लांबी वीस. उंची पंधरा. तिनं मोजलं, मॅडमनी मान हलवली. थप्पीतून कुठूनतरी तुरीची बारीक धार गळत होती, फरशीवर वाटीभर ढीग साचला होता.

"आणि आत बारा," अप्पा म्हणाले. "लिही, साहेब."

अर्पितानं पेन बंद केलं. "शिडी पाहिजे," ती म्हणाली. "वर चढून बघते."

अप्पा हसले. "अगं, पडशील बिडशील. परीक्षा तोंडावर आली तुझी." हसणं तोंडावर होतं, डोळे बलभीमकडं लागले होते. आवर हिला, असं ते डोळे सांगत होते.

बलभीम हलला. कोपऱ्यातली शिडी उचलून त्यानं आणली. अर्पिता पुढं झाली तर त्यानं तिला खांद्यानं बाजूला केलं, जशी ती अजून पहिलीतली पोर आहे. "तुझं काम लिहायचं," म्हणाला. "मोजायचं माझं."

"बलभीम," अप्पा म्हणाले. एवढंच.

त्यानं शिडी थप्पीच्या सुटलेल्या पोटावर टेकवली नाही. पार कडेला, शेजारच्या थप्पीच्या आधारानं लावली. कुठं वजन सोसेल हे त्याच्या पायांना कळत होतं. अर्पितानं खालून शिडी दोन्ही हातांनी धरली. तो चढला. पन्नाशीचा माणूस, गुडघे कटकट वाजत होते. पत्र्याखाली वाकून तो थप्पीवर गेला तसा वरून भुसा सांडला आणि पोती कुरकुरली. दारातले हमाल मागं सरले. शंभुलिंग मोठ्यानं म्हणाला, "काका, उतरा खाली!"

वरून आवाज आला. इतकी वर्षं त्या मोंढ्यानं ऐकलेला, लांबवून मोजणी सांगणारा आवाज.

"लाभ."

मॅडमनी मान वर केली.

"दोन."

आणि मग काही नाही. अर्पिता शिडी धरून उभी. तीन ऐकू येईल अशी वेडी आशा तिला वाटली, अजूनही वाटली.

"तिसरी न्हाय, मॅडम," बलभीम वरून म्हणाला. "दोन ओळी हायत. तितनं म्होरं पार भिंतीपतोर खड्डा हाय. मांजराची हाडं पडल्याती आत."

अप्पांनी हातातली बाटली टेबलावर नीट, सावकाश ठेवली. मॅडमनी फायलीतला तो जुना कागद काढला, उजेडात धरला.

"गेल्या वर्षी बारा कुणी लिहिलं?"

"म्या सांगितलं हुतं तिला!" वरून बलभीम ओरडला. "तिचा काय संबंध न्हाय, मॅडम, म्याच खोटं..." तो कडेकडं आला, आणि त्याच्या पायाखालचं पोतं बोटभर सरकलं. पोट आणखी पुढं आलं.

"दादा, हलू नका!" अर्पिता किंचाळली. मग मॅडमकडं न बघता, शिडी तशीच घट्ट धरून, म्हणाली, "मी लिहिलं. सही माझी आहे. आत बघितलं नव्हतं."

अप्पा फोन कानाला लावत बाहेर निघून गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"दादा, आता सावकाश," ती म्हणाली. "उजवा पाय आधी. शेजारच्या थप्पीवर टाका, मग शिडीवर." त्याचा पाय वरून आला, चाचपडला, शिडीच्या पायरीला लागला. तिनं मोजायला सुरुवात केली, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"लाभ," ती म्हणाली. "दोन. तीन. या दादा, मी धरलंय. चार."