घोरणं मधेच थांबायचं

आमच्या शिवणकारखान्यात शंभरावर मशीन्स, आणि त्या सगळ्यांची दुखणीखुपणी काढणारी एकच बाई. तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल. आम्ही सगळ्या तिला मेस्त्री म्हणायचो. मशीन बिघडलं म्हणून बोलावलं तर ती आधी पेचकस काढायची नाही. शेजारी उभी राहायची, मान तिरकी करायची आणि ऐकायची. "पट्टा सैल झालाय," म्हणायची, नाहीतर "हुक झिजलाय." उघडून बघावं तर तेच निघायचं. मी अकरा नंबरच्या मशीनवर. तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठी, म्हणून मला ती काकू म्हणे. पुढचं सगळं तिनेच मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. काही मी स्वतः पाहिलं.

तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला घरात गोटी म्हणत. गोटी घोरायची. थोडंथोडकं नव्हे, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं. नवरा मालाचा ट्रक चालवायचा, आठवड्यातून तीन-चार रात्री बाहेर. तो हसून म्हणायचा, "पोरगी माझीच आहे, गिअर टाकल्यासारखी घोरते." सासूबाईंना तर त्याचं कौतुकच होतं. घोरणं म्हणजे गाढ झोप, असा त्यांचा हिशोब.

मेस्त्रीही हसायची. मग एका रात्री तिला जाग आली, आणि कशाने जाग आली ते तिला कळेना. आवाजाने नव्हे, आवाज बंद पडला होता. तिने अंधारात कान दिला. काहीच नाही. डोळे सरावले तसं दिसलं, गोटीची मान मागे टाकलेली, तोंड उघडं, आणि छाती आत ओढली जात होती, पण श्वास येत नव्हता. मेस्त्री मोजू लागली. अकरावर पोरीने एक जोराचा आचका दिला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

"काकू, तेव्हा माझं काळीजच हललं," ती मला म्हणाली. "मशीन असं अडखळलं की मी बटण बंद करते. हिचं काय बंद करू?"

त्या रात्रीपासून तिचा डोळ्याला डोळा लागेना. पोरीच्या छातीवर हात ठेवून ती बसून राहायची. दहा, बारा, एकदा चौदा. चौदाला तिने गोटीला गदागदा हलवलं, पोरगी भेदरून रडत उठली आणि सासूबाई दारात आल्या.

"अगं, झोपू दे की पोरीला! तूच तिची झोपमोड करतेस."

"सासूबाई, तिचा श्वास थांबतो."

"थांबला असता तर रडली असती का?"

नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "दिवसभर मशीन ऐकून ऐकून तुझ्या कानांत तेच भरलंय." त्याचाही दोष नव्हता. तो घरी असायचा त्या रात्री थकून असा झोपायचा की छत पडलं तरी उठला नसता.

दिवसा गोटी वेगळीच मुलगी झाली होती. बालवाडीत चावायची, ढकलायची, आणि दुपारी टेबलावर डोकं टेकून झोपायची. वर्षभर कोरडं राहिलेलं अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "घरी काही ताण आहे का?" तोवर मेस्त्रीला वाटू लागलं होतं की चूक आपलीच. गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेली, तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मुलं घोरतात. सर्दी असेल." नाकात घालायचे थेंब लिहून दिले. थेंब संपले, मोजणं चालूच.

मग माझ्या मशीनचं झालं. सकाळी तिने माझ्या मशीनची सुई बदलली होती. मी पायडल दाबलं आणि काडकन आवाज होऊन सुईचा तुकडा माझ्या कानाजवळून गेला. स्क्रू आवळायचाच राहिला होता. मला खरचटलंही नाही, पण मेस्त्री पांढरीफटक पडली. पेचकस तिच्या हातातून खाली पडला.

मी तिला जिन्यात नेलं. "किती रात्री झोपली नाहीस?"

"मी झोपले तर मोजणार कोण, काकू?"

तिथे बसून तिने मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. मी काही शहाणी नाही, पण एवढं म्हणाले, "तू आम्हाला मशीन ऐकायला शिकवतेस ना? मग डॉक्टरलाही ऐकव. सांगू नकोस, ऐकव."

त्या रात्री तिने उशाशी फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला. दोन दिवसांनी मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. डॉक्टरीणबाई आधी गोटीशी थट्टा करत होत्या. फोनवरचं घोरणं ऐकतानाही हसऱ्याच होत्या. मग आवाज थांबला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू गेलं. मेस्त्री मला नंतर म्हणाली, इतके दिवस कुणीतरी खरं मानावं म्हणून जीव टांगणीला होता, आणि त्यांनी खरं मानल्यावर तोंडचं पाणी पळालं. तोवर कुठेतरी एक आशा होती की आपणच वेड्या असू.

गोटीचा घसा बघून त्या म्हणाल्या, "टॉन्सिल्स दोन्हीकडून जवळजवळ एकमेकांना टेकलेत. पण झोपेत नक्की काय होतं ते मोजायला हवं. एक रात्र तपासणीला राहावं लागेल."

मोठ्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर झोपतपासणीची खोली होती. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीवर कॅमेरा. वायरींचा जुडगा बघून गोटीने आईच्या ओढणीत तोंड लपवलं. तिथल्या तंत्रज्ञ बाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी घाई केली नाही. पहिली चिकटपट्टी मेस्त्रीच्या कपाळावर लावली, दुसरी स्वतःच्या नाकावर. गोटी खुदकन हसली आणि तिसरी स्वतःच मागून घेतली.

पोरगी झोपल्यावर मेस्त्रीने सवयीने तिच्या छातीवर हात ठेवला. तंत्रज्ञ बाईंनी तो अलगद उचलला.

"आज मोजायचं काम माझं. तुम्ही झोपा."

"मला झोप यायची नाही."

"नका झोपू. नुसत्या आडव्या व्हा."

आणि ती झोपली. सकाळी जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. घाबरून तिने एकदम पोरीकडे झेप घेतली. गोटी पलंगावर बसून वायरी मोजत होती.

अहवाल आठवड्याने आला. तासाला सोळा वेळा श्वास अडत होता आणि प्रत्येक वेळी रक्तातला प्राणवायू उतरत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरीला रात्री झोप मिळतच नाही म्हणून ती दिवसा चावते. टॉन्सिल्स काढावे लागतील. नवरा त्या दिवशी मुद्दाम रजा काढून आला होता. तो कागद त्याने दोनदा वाचला. बाहेर पायऱ्यांवर बसून बायकोला एवढंच म्हणाला, "मी तुला कानांवरून बोललो होतो."

सासूबाईंचं वेगळंच. "घोरण्यासाठी कुणी गळा कापतं का?" रोज हेच. शेवटी मेस्त्री चिडून म्हणाली, "मग आज रात्री तुम्ही मोजा." सासूबाई बसल्या. सकाळी त्यांनीच गोटीची पिशवी भरायला घेतली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी कारखान्यातून अर्धा दिवस सुटी घेऊन गेले. भूलतज्ज्ञ म्हणाले, "आता हिला झोपवतो." हा शब्द ऐकताच मेस्त्रीचा हात पोरीच्या छातीवर गेला, मी दंड धरून तिला बाजूला घेतलं. दार बंद झालं. नवरा कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होता. ती मात्र भिंतीला टेकून, ओठ हलवत, काहीतरी मोजत होती. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर येऊन "छान झालं" म्हणाले, तरी ती मोजतच होती. आतून गोटीचं घोगरं, रागावलेलं रडणं ऐकू आलं तेव्हा कुठे ती थांबली.

एक रात्र इस्पितळात काढून पोरगी घरी आली. सूज होती तोवर घोरणं चालूच राहिलं, त्यामुळे मेस्त्रीची परत पाचावर धारण. दहाव्या-बाराव्या रात्री ते बंद झालं. खोली एकदम शांत. त्या शांततेनेच ती दचकून उठली. दिवा लावला, गाल पोरीच्या तोंडाशी नेला. तोंड मिटलेलं, नाकातून हलका, एकसारखा वारा. ती पहाटेपर्यंत तशीच वाकून बसली.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. अडणं जवळजवळ गेलं होतं. अंथरूण कोरडं, बालवाडीतल्या तक्रारी बंद. डॉक्टरीणबाईंनी गोटीला विचारलं, "झोप येते का गं छान?"

गोटी म्हणाली, "मी झोपते. आई बघते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मेस्त्रीकडे वळून म्हणाल्या, "मुलीचं झालं. आता तुमचं काय ते बोलू." बराच वेळ त्या बोलल्या. आधी पोरीचा पलंग वेगळा, मग खोली वेगळी, दार उघडं. उठून बघायचं तर ठरावीक वेळीच, आणि दर आठवड्याला एक वेळ कमी. पहिल्या रात्री मेस्त्री दाराच्या चौकटीतच चादर टाकून झोपली. सासूबाईंनी पाहिलं आणि एक उशी आणून दिली.

गेल्या मंगळवारी ती माझ्या मशीनला तेल घालत असताना मी तिला विचारलं, "काय गं, भीती गेली का?"

"नाही काकू," ती म्हणाली. "पण परवा चारदा उठले, काल दोनदा."

मग तिने मान तिरकी केली. पलीकडे सात नंबरचं मशीन कुरकुरत होतं, ती तिकडे निघून गेली.