क्रुसापाशी धूर

आधी बाईंचं सांगते, मग बाकीचं. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. वाडीत सगळे त्यांना बाईच म्हणतात, कारण निम्म्या वाडीला त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलंय. माझ्या मिस्टरांनाही. आता रिटायर आहेत. त्यांचं घर आमच्या शेजारी, खाडीच्या तोंडाशी. ख्रिश्चन आहेत, एकट्या राहतात, मुलगी गोव्याला असते. अंगणाच्या कडेला समुद्राकडे तोंड केलेला एक क्रूस आहे, त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेला. माझे मिस्टर आज पडवीत बसून चहा पितायत, ते या बाईंमुळे.

मी इथली नाही. माहेर बीडकडचं. सातवीतून शाळा सुटली. पुढं कुडाळला भावाकडं आले, काजूच्या कारखान्यात लागले, आणि तिथूनच लग्न होऊन या वाडीत. आमच्या गावच्या तळ्यात म्हशी पोहायच्या, माणसं नाही. त्यामुळं पाण्याची भीती मी बरोबर घेऊनच आले.

मिस्टरांची छोटी होडी, मागं मशीन लावलेली. किनाऱ्यापासून थोडं आत जाळं टाकायचं आणि सकाळी ओढायचं. बरोबरचा खलाशी गोव्याच्या ट्रॉलरवर गेला, दुसरा मिळेना, म्हणून मी जायला लागले. माझं काम जाळ्यातली मासळी सोडवायची. मशीनला हात लावायचा नाही.

एकदा बाईंना बांगडे द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. बाईंनी मिस्टरांना विचारलं, "हिका मशीन चालू करूक येता?"

"हिका? बाईनू, न्हाणयेत पाय निसारलो तरी ही माका हाक मारता."

"आणि होडयेत तुका काय झाला तर ही कोणाक हाक मारतली? ह्या बांगड्यांक?"

मिस्टर हसले. बाई हसल्या नाहीत. "तेराच्या पाढ्यार तू वर्सभर अडकललंस. मी कंटाळलंय? आता तू हिका शिकव. आणि वरडूचा नाय."

चाळिशीच्या माणसानं शाळेतल्यासारखी मान हलवली.

मग दुपारी जेवण झालं की शिकवणी. चोक ओढायचा, गिअर मधे आहे का बघायचा, मग दोरीला हिसका. माझ्या हिसक्यानं मशीन नुसतं खोकायचं. ते सुरू व्हायला लागलं तर होडी वळवायचा दांडा उलटा. दांडा उजवीकडं ढकलला की होडी डावीकडं जाते. मी घाबरले की हमखास चुकायचे. मिस्टर ओरडायला तोंड उघडायचे, बाईंच्या पडवीकडं बघायचे आणि आवाज खाली आणायचे. "अगो, उलट. उलट गो बाय माझे."

सगळ्यात अवघड खाडीत शिरणं. तोंडाशी दोन्ही बाजूंना खडपं आहेत, धारदार खडक, पाण्याखाली, वरून काही कळत नाही. मधून गल्लीएवढी वाट. ती वाट बाईंच्या क्रुसावरून धरतात. क्रुसाच्या मागं टेकडीवर एक उंच माड आहे. मिस्टर सांगायचे, "खुरीस माडाच्या बरोबर खाली इलो की सरळ घुसूचा. खुरीस डावीकडे सरकलो तर आपणय डावीकडे. उजवीकडे तर उजवीकडे. त्येच्या मागसून जाऊचा."

दुपारी हे जमायला लागलं. ऊन समुद्राकडून क्रुसावर पडायचं आणि तो पांढरा लख्ख दिसायचा. पण जाळं ओढायला आम्ही जायचो सकाळी. एकदा परत येताना मिस्टरांनी दांडा माझ्या हातात दिला. सूर्य टेकडीमागून वर येत होता. माड दिसत होता, खालचा सगळा किनारा काळा. क्रूस कुठं आहे तेच कळेना.

"दिसत नाही ओ."

"काय दिसना नाय? थंयच तर आसा."

त्यांना दिसायची गरजच नव्हती. जन्मापासून त्याच वाटेनं येतात. "दिसूक लागतलो हळूहळू," म्हणाले आणि दांडा परत घेतला.

मी हे बाईंना कुंपणावरून सांगितलं. सहज, बोलता बोलता. बाई मासे साफ करत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत येताना माडाखाली धूर दिसला. काळ्या किनाऱ्यावर उभी पांढरी रेघ. घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "पातेरो मी रोज जाळतंयच. आता खुरसापाशी जाळतंय. तुका दिसलो मां?"

त्यानंतर आमची होडी बाहेर असली की बाई सकाळी क्रुसापाशी झाडायच्या आणि पालापाचोळा पेटवायच्या. रविवार सोडून रोज. त्यांना खोकला असताना पण. त्या धुरावरून मी होडी आत आणायला लागले. त्यांच्या अंगणातला पाचोळा संपला तेव्हा पलीकडच्या घरातल्या काकी म्हणाल्या, "बाईनू, तुमची झाडा टकली झाली तरी पातेरो खंयसून येता? माझे धुतलेले कपडे धुराचे वास मारतत."

"तुझ्याच परड्यातसून येता. फुकट साफ करून दितंय, चाय तरी पाज."

त्या दिवशी रविवार होता. वाडीतले ख्रिश्चन रविवारी समुद्रावर जात नाहीत, त्यामुळं होड्या कमी. दोन होत्या, पण लांब. जाळं अर्धं ओढून झालं होतं. मिस्टरांच्या उजव्या हातातली दोरी सुटली. मी म्हणलं, "धरा की." ते हाताकडं बघत राहिले, दुसऱ्याचा हात बघावा तसे. मग तोंडाची एक बाजू खाली आली. काहीतरी बोलले, शब्द नव्हते. बसले आणि बसल्या बसल्या कलंडले.

तुला काय वाटलं गं, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. काही वाटलं नाही. खरंच काही नाही. एक मासा त्यांच्या पायावर तडफडत होता, तो मी उचलून बाजूला ठेवला. त्यांच्या डोक्याखाली रेनकोट घातला. जाळं सुरीनं कापलं. दोरीला हिसका दिला, मशीन लागलं नाही. गिअर बघितला, मधे नव्हता. मधे केला. लागलं. माझे हात हे सगळं करत होते आणि मी कुठंतरी बाजूला बसून बघत होते. मोबाइल त्यांच्या खिशात होता, पण त्यासाठी दांडा सोडायचा धीर झाला नाही.

खाडीजवळ आले तेव्हा सूर्य थेट डोळ्यात. माड सापडला. खाली काळं. तेव्हा डोक्यात आलं, आज रविवार. बाई चर्चला सकाळच्या मिसाला जातात. आम्ही परत यायच्या आधी घरातून निघालेल्या असतात. रविवारी धूर नसतो, रविवारी मिस्टरच होडी आत आणतात.

मशीन हळू केलं. खडपांवर पाणी फुटल्याचा आवाज येत होता. मिस्टरांचे डोळे उघडे होते, माझ्या हाताकडं बघत होते.

आणि मग रेघ दिसली. बारीक, आधी करडी, मग पांढरी. माडाच्या डावीकडं. डावीकडं सरकला तर आपणही डावीकडं. दांडा उजवीकडं ढकलला. उलट गो बाय माझे. रेघ माडाखाली आली. तिथून पुढं मी दुसरं काही बघितलं नाही. दोन्ही बाजूंनी पाण्याचा आवाज आला आणि मागं गेला.

किनाऱ्यावर बाई उभ्या होत्या. चर्चला जायचा चांगला झगा घातलेला. मागं मी बसलेय आणि मिस्टर दिसत नाहीत, एवढ्यावरून त्या समजल्या होत्या. तशाच गुडघाभर पाण्यात आल्या, होडीचं पुढचं टोक, नाळ, धरली आणि म्हणाल्या, "मशीन बंद कर गो. रिक्षा येता."

कुडाळला दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. बाई बाकड्यावर माझ्याशेजारी बसल्या होत्या, झग्यावर मिठाच्या रेषा उमटल्या होत्या. मी विचारलं, "बाई, तुम्ही मिसाला गेला नाहीत?"

"संध्याकाळी दुसरो आसा."

"पण आज रविवार, तुम्ही धूर कसा..."

"काल संध्याकाळी तुझो घोव खोकत होतो, डोक्याक हात लावून बसललो. माका बरा वाटला नाय. म्हटला, जाताना पेटवून जाऊया. तर दवान पातेरो ओलो. पेटूक वेळ लागलो."

एवढंच. मग त्यांनी मला चहा आणून दिला.

आता मिस्टर काठी घेऊन चालतात. सावकाश बोलतात. उजवा हात अजून नीट उचलत नाही, डाव्या हातानं जेवायला शिकलेत. होडी माडाच्या झापांखाली उलटी घातलीय. मी तिला अजून हात लावलेला नाही. रडलेही नाही. बायका म्हणतात, एकदा रडून घे. मी भांडी घासते, मिस्टरांचा हात चोळते, औषधाची वेळ झाली का म्हणून पुन्हा पुन्हा घड्याळ बघते. आत काही हलत नाही. कधी कधी झोपेत माझा हात दांडा धरल्यासारखा उजवीकडं ढकलला जातो, तेवढंच.

परवा बाई कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, "थंयसून कसो दिसता गो माझो धूर?"

मला सांगता येईना. "बारीक," म्हणलं. बाई इतकी वर्षं समुद्रासमोर राहिल्या, पण होडीत कधी बसल्या नाहीत. चक्कर येते म्हणतात. आपलं घर पाण्यावरून कसं दिसतं ते त्यांनी बघितलेलंच नाही.

म्हणून मी ठरवलंय. पाऊस संपून समुद्र शांत झाला की होडी सुलटी करायची. मशीन लागेपर्यंत दोरी ओढत राहायची. मिस्टर डाव्या हातानं क्रुसापाशी पातेरा पेटवतील, तेवढं त्यांना जमेल. आणि मी बाईंना पुढं बसवून खडपांच्या बाहेर नेईन, सकाळीच, सूर्य टेकडीमागं असताना, आणि होडी घराकडं वळवून उभी करीन. चक्कर आली तर धरीन. बाईंना अजून सांगितलेलं नाही, नाही म्हणतील. पण नेणार.