आक्का म्हणणारी जाहिरात

आईनं शुगरच्या गोळ्या बंद केल्यात हे मला रक्ताचा रिपोर्ट आल्यावर कळलं. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढं सरकवला, आईकडं बघून कन्नडात चार वाक्यं बोलले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आईला बाजारापुरतंच कन्नड येतं. तिनं नुसती मान हलवली.

टिळकवाडीत घरी पोहोचेपर्यंत माझा पारा चढला होता. "कुणी सांगितलं तुला गोळ्या सोडायला?" तर आईसाहेबांनी गपचूप मोबाईल पुढं केला.

मोबाईलचं आमच्याकडं त्रांगडंच आहे. आम्ही बेळगावात, म्हणजे कर्नाटकात, म्हणजे आम्हाला कन्नडच कळणार, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलंय. भजन लावा नाहीतर लोणच्याची कृती बघा, मध्ये जाहिरात कन्नडच. आई बोरगावची, तिकडं सगळं मराठीच. ती आपली जाहिरात पुढं ढकलत राहायची. आणि एक दिवस त्यातला एक बाप्या थेट आमच्या बोलीत बोलला. "आक्का, गोळ्या खाऊन लई कंटाळा आला न्हवं? पायाला मुंग्या येत्यात न्हवं?" झालं! आईनं अख्खी जाहिरात ऐकली. एक ऐकली म्हटल्यावर तसल्या दहा यायला लागल्या. त्यातलंच एक चूर्ण तिनं शेजारणीकरवी मागवलं आणि गोळ्या सोडल्या. वर मला म्हणते, आता समदी मराठीच बोलाय लागल्यात, बरं झालं.

मी जाहिराती अडवणारं ॲप टाकलं. ब्राउझरमधल्या गेल्या, पण व्हिडिओच्या ॲपमध्ये त्याची मात्रा चालेना. मग रोज ऑफिसातून आल्यावर चहाच्या आधी तिचा मोबाईल घेऊन बसायचं, प्रत्येक जाहिरातीवरचे तीन ठिपके दाबायचे, 'ही नको' म्हणायचं. ती जायची आणि दुसऱ्या नावानं परत यायची. वैताग नुसता! लोकांना मोबाईलला धरून ठेवण्यावरच ज्या कंपन्यांचं पोट, त्यांच्यापुढं मी एकटी बोटं झिजवून काय करणार? दमले मी, खरंच दमले.

आई मात्र गोळ्या सुरू केल्यात म्हणून सांगायची. परवा जेवताना बघते तर गोळी ताटाशेजारी तशीच, आणि हातात मोबाईल. मी ओरडलेच, "अगं, पाय जातील तुझे! तो माणूस फसवतोय, कळत कसं नाही तुला?"

"फसवत असंल," ती म्हणाली. "पर डॉक्टर कन्नडात सांगतोय, तू वरडून सांगतीस. त्योच तेवढा आक्का म्हणून सांगतोय गं."

मला एकदम रडूच फुटलं. तिच्याजवळ खाली बसले. शुगरनं पायाचं काय होतं, गोळी कशाला घ्यायची, चूर्णानं का भागत न्हाय, सगळं सावकाश, तिच्याच बोलीत सांगत गेले. ती ऐकत राहिली.

"हे आदी का न्हाय सांगितलंस?" म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.