कॅथेड्रलच्या फरशीवर

दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्यामुळे या खेपेला सहावा महिना लागला, तरी बहारीनमधल्या जनाबियातल्या आमच्या घराचा जिना मी कठडा धरूनच उतरत असे. अशात नवऱ्याला कंपनीनं ट्रेनिंगसाठी आठवडाभर इंग्लंडला पाठवलं. डॉक्टरांनी विमानप्रवासाला परवानगी दिली, म्हणून मीही निघाले.

साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आलाच. "पोटुशी बाईनं मसणवटीच्या वाटेला जाऊ नये, एवढं सांभाळ."

"आई, तिथलं जुनं चर्च बघायला जाणार आहोत."

"देवळातच ना? मग जा खुशाल."

बँकेत जोखीम तपासणं हा माझा धंदा. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी इंग्लंडमधल्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत समजत होते.

ते चर्चचं गाव देखणं होतं. दगडी वेशीतून आत शिरलो, तर दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्यांची शेकडो वर्षांची घरं, वरचे मजले पार गल्लीवर झुकलेले. नवरा इंजिनिअर. "ही उभी कशी आहेत, हेच कळत नाही," असं म्हणत तो माझा दंड धरून चालला होता. कॅथेड्रलचा कळस बघताना मान दुखून आली. आत पाऊल टाकलं आणि बहारीनच्या उन्हात भाजून निघालेल्या अंगाला त्या दगडांचा गारवा इतका बरा वाटला, की पोटातल्या बाळानंही एक लाथ मारली. मी खूश झाले. मग सहज खाली पाहिलं.

पायाखालच्या दगडावर अक्षरं कोरलेली होती. शेजारच्या दगडावरही. पार समोरपर्यंत फरशीभर नावंच नावं. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेल्या, तिथं माहिती सांगणाऱ्या एक पिकल्या केसांच्या बाई हसून म्हणाल्या, "काळजी करू नका, खाली झोपलेल्यांना आता पायांची सवय झाली आहे." आपल्याकडे देऊळ गावाच्या एका टोकाला आणि मसणवट दुसऱ्या टोकाला. देवाच्याच घरात माणसं पुरतात, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार! माझ्या पायाखालचं नाव झिजून गेलं होतं. 'तान्ही मुलगी' एवढंच इंग्रजीत वाचता येत होतं.

पुढे जावं तर थडगं, मागे यावं तर थडगं.

"अगं, मेलेली माणसं चावत नाहीत," नवरा म्हणाला. "हवं तर लंगडी घालत जाऊ."

"गप्प बस," मी म्हणाले. त्याचा हात घट्ट धरून, डोळे मिटून मी बाहेर आले.

त्यानंतर बाळ हललं नाही. विमानतळावर गार ज्यूस प्यायले, विमानात डाव्या कुशीवर वळून बसले, पोटावर हात ठेवून वाट पाहत राहिले. काही नाही. मला भयंकर भीती वाटत होती, आणि नवऱ्याचं तोंड मात्र बंद होत नव्हतं. "झोपलंय गं. बापावर गेलंय." मनात आलं, या माणसाला काळीज म्हणून काही आहे की नाही? त्या दगडाखालच्या मुलीला मी मनातल्या मनात विनवत होते, बाई गं, मी बघितलं नव्हतं, माझ्या बाळावर राग काढू नकोस.

बहारीनला, मुहर्रकच्या विमानतळावर उतरलो आणि घरी न जाता बॅगांसकट थेट सलमानियाला, हॉस्पिटलमध्ये. तपासायला इथल्याच, बहारीनी डॉक्टरीणबाई होत्या. "बाळ ठीक आहे ना?" मी विचारलं. "इंशाल्ला," त्या म्हणाल्या. इथं प्लंबर आज येणार का विचारलं तरी हेच उत्तर मिळतं, आणि तो येत नाही. त्यांनी पोटावर जेल लावून यंत्र फिरवलं. नुसती खरखर. पुन्हा फिरवलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि मी डोळे मिटून घेतले.

मग ठोके ऐकू आले. भरभर, स्पष्ट, खोलीभर.

"खलास, खलास, आता रडायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. इथल्या अरबीत खलास म्हणजे 'झालं, पुरे'. पण मी रडत नव्हते. मान वळवून पाहिलं, तर नवरा खुर्चीवर नव्हता. तो बॅगांना टेकून जमिनीवर बसला होता आणि तोंडात मूठ घालून हुंदके देत होता. आधीच्या दोन्ही वेळा सगळे मला सांभाळत होते, तोही. त्याला रडताना मी कधी पाहिलंच नव्हतं. मला वाकता येईना, म्हणून पडल्या पडल्या हात लांब केला. बोटांना त्याचे केस लागले.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र उचलायला घेतलं.

"थांबा, बंद नका करू," तो त्यांना चक्क मराठीत म्हणाला. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि यंत्र परत माझ्या पोटावर ठेवलं.