पाठीची रेघ

माझे वडील चित्रकलेचे मास्तर होते आणि त्यांना एकूण तीन माणसं काढता येत. डोक्यावर घागर घेतलेली बाई, खांद्यावर नांगर टाकलेला शेतकरी आणि फुगेवाला. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. विषय पाणवठा असो, जत्रा असो नाहीतर एसटीचा थांबा, ही तिघं कुठेही उभी करता येतात. आधी राजापुरात आणि मग रत्नागिरीत अण्णांनी मुलांकडून ती घोटून घेतली. मुलांना 'अ' श्रेणी मिळे, अण्णांचं नाव होई. मीही त्याच 'अ' श्रेणीतली.

मुंबईला आर्ट कॉलेजात मात्र दादाला पाठवलं. मी त्याच्याहून बरी काढायचे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, अण्णांनाही. मला त्यांनी सांगितलं, तू डी.एड. कर, चित्रं काढून मुलीचं कुठे भागतंय. दादा आता विरारला फ्लॅट विकून देतो, पेन्सिल त्याने केव्हाच सोडली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे म्हणून घेते. हा राग मी मनात धरून बसलेय आणि सोडायचा माझा विचारही नाही. अण्णांकडून मला इतक्या वर्षांत एकच गोष्ट हवी होती. हिला जमतं, एवढं त्यांनी एकदा तोंडाने म्हणावं.

पन्नाशी जवळ आली तेव्हा मोबाइलवर चित्रकलेचे व्हिडिओ बघायला लागले. त्यात कुठलीशी बाई अर्ध्या मिनिटात माणूस काढायला सांगायची. नाक नाही, डोळे नाहीत, कपडे नाहीत. अंगाचा भार कुठल्या पायावर आहे आणि पाठ कुठे चालली आहे, तेवढंच धरायचं. मला हसू आलं. यात काय मोठंसं, म्हणून कागद घेतला आणि तोंडावर आपटले.

मग दर रविवारी सकाळी मिरकरवाड्याच्या मासळीच्या जेटीवर जाऊन बसू लागले. तिथे कोणी एक क्षण थांबत नाही. बायका वाकतात, टोपल्या ओढतात, बर्फ फोडतात, भावावरून हातवारे करतात. आधी त्यांना वाटलं मी कुठल्यातरी ऑफिसातून आलेय, आता त्यांना इथून उठवणार. तसं नाही हे पटल्यावर एकीने माझा कागद ओढून बघितला. ती कमरेत वाकून क्रेट ओढत होती. माझ्या कागदावर बाई ताठ उभी होती आणि तिचा एक हात डोक्याकडे गेला होता, नसलेल्या घागरीला.

"ही कोण गो? मी तर नाय," ती म्हणाली आणि कामाला लागली.

अण्णांची घागर माझ्या हातातून उतरायला दोनेक वर्षं गेली. शिकण्यापेक्षा विसरणं अवघड होतं. मनगट धरून ठेवायचं आणि खांद्यातून रेघ ओढायची, ही सवय लावताना हात दुखून यायचा. रद्दीच्या गठ्ठ्यात चित्रांचेच कागद जास्त असत. मग एके दिवशी एका म्हातारीचं उकिडवं बसणं असं पटकन कागदावर आलं की मीच चकित झाले. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पाठोपाठ वाटलं की हे विसाव्या वर्षी यायला हवं होतं, आणि संतापाने डोळ्यांत पाणी आलं.

आई गेल्यावर वर्षभरात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, उजवा हात वाचला. दादाच्या घरात जागा नव्हती. जो लोकांना घरं दाखवत फिरतो त्याच्याकडे बापापुरती जागा नसते. अण्णा माझ्याकडे आले आणि पडवीतल्या खुर्चीत बसू लागले. माझे कागद बघून म्हणायचे, हे काय, कोंबडीचे पाय? ह्यांना डोळे कुठायत? पुरं करायला शिक. त्यांना अंघोळ घालायची, भात कालवून द्यायचा, वर हे ऐकून घ्यायचं.

पण खुर्चीतून ते उठायचे, तसं उठणं मी जेटीवर कधी पाहिलं नव्हतं. आधी मान खाली जाई. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर रोवला जाई, खांदा पुढे घुसे, पाठ एका अंगाला वळून वर येई आणि मेलेला पाय मागून फरफटत निघे. हात धरू दिला नाही त्यांनी कधी. मी स्वयंपाकघराच्या दारातून ते काढत राहिले, पावसाळाभर आणि पुढे दिवाळीपर्यंत. चुकत राहिले. मग एका रविवारी जेटीवरून परतल्यावर मानेपासून टाचेपर्यंत एकच रेघ गेली आणि त्या रेघेत ते सगळे आले, त्यांचा हट्टसुद्धा. आयुष्यात मी काढलेलं ते सगळ्यात चांगलं चित्र. मी ते मुद्दाम त्यांच्या शेजारच्या टेबलावर ठेवलं आणि मासे साफ करायला आत गेले. बोलावणं येईल म्हणून कान पडवीकडेच होते.

बोलावणं आलं नाही. हात धुऊन बाहेर आले तर अण्णांच्या मांडीवर माझा कागद होता आणि खोडरबराचा भुसा धोतरावर पडला होता. माझी रेघ त्यांनी खोडून काढली होती. तिथे आता एक माणूस ताठ उभा होता. नाक, डोळे, मिशा, दोन्ही पाय सारखे. कोपऱ्यात मास्तरांची बरोबरची खूण.

"हे काय केलंत अण्णा?"

"पाठ वाकडी काढली होतीस. नीट केली."

"तुमची पाठ तशीच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "म्हणून ती चित्रात काढायची?" एवढंच म्हणाले.

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. कागद हिसकावून घ्यावा, असं मात्र मनापासून वाटलं. तेवढ्यात दादाचा व्हिडिओ कॉल आला, रविवारी येतो तसा. मी फोन अण्णांसमोर धरला. त्यांनी तो कागद उचलला आणि दादाला दाखवला.

"बघ, हिने काढलंय," ते म्हणाले. "हिला जमतं हो. तुझ्यापेक्षा हीच बरी काढायची, पहिल्यापासून."

दादा म्हणाला, "मस्त, अगदी तुम्हीच." अण्णांनी मान हलवली. मी फोन धरून तशीच उभी राहिले, दादाला अण्णांचा चेहरा नीट दिसावा म्हणून.