डिंक लावलेली कळी

देव दयाळू आहे असं कुणी मला समजावू लागलं की अजून माझं डोकं फिरतं. देवावर माझा राग नाही. राग आहे तो त्याची दया परस्पर वाटून टाकणाऱ्यांवर, आणि थोडा एका कारकुनावर, ज्याला उजवं-डावं कळत नव्हतं. तो कारकून मीच.

शुक्रवार पेठेत आमच्या बोळात एक किराणा दुकानदार होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याच्यासमोर एक विधवा बाई आणि तिची लग्नाची मुलगी राहत. अण्णाने आपल्या भाच्यासाठी मुलीला मागणी घातली, बाईने नाही म्हटलं. त्यावर या गृहस्थाने भर नळावर, बायका हंडे लावून उभ्या असताना, पुडी सोडून दिली की पोरीला फिट येतात. धडधडीत खोटं! मोडनिंबचं ठरत आलेलं स्थळ तेवढ्यावरून फिरलं.

पुढे अण्णाच्या पाठीवर गळू झालं. चांगलं मोसंब्याएवढं. पोटिसं झाली, लेप झाले, मग कुणीतरी म्हणालं, बाईची हाय लागली. झालं! अण्णाला पश्चात्ताप झाला. तोही गळवाएवढाच. बोळातल्या देवळात कौल लावून देवाची माफी मागायची असं ठरलं.

कौलाची रीत अशी, की गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर देव ‘हो’ म्हणाला, डावी पडली तर ‘नाही’. गुरव माझा शेजारी, त्यामुळे कळ्यांचं तबक धरायचा मान माझ्याकडे. मी मनाशी म्हटलं, हा बेटा असा सुटता कामा नये. कचेरीतली डिंकाची बाटली कोटाच्या खिशातून आणली आणि तबकातल्या उजवीकडच्या कळीच्या बुडाला भरपूर डिंक फासला. आता कशी पडते बघू!

अण्णाने हात जोडले. “देवा, चुकलो. माफी असंल तर उजवा दे.” काय चुकलो, ते मात्र ओठाबाहेर आलं नाही.

गुरवाने माझी कळी उचलली आणि आपल्या उजव्या हाताच्या बाजूला लावली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देव आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो! आपलं उजवं ते त्याचं डावं. इतकी वर्षं त्या मूर्तीपुढे तबक धरलं, पण हे ध्यानात यायला हाच मुहूर्त सापडला.

दुसरी कळी लावून गुरवाने हात मागे घेतला न घेतला तोच ती टप्पकन खाली.

“उजवा! उजवा दिला!” घंटा वाजू लागल्या. अण्णा ढसाढसा रडला.

“अहो, कसला उजवा! डाव्या कळीला मी डिंक लावलाय!” मी ओरडलो.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग खांबाला टेकून बसलेले एक म्हातारेबुवा हात जोडून म्हणाले, “म्हंजे बगा! तू धराया गेलास उजवी, आन् देवानं तुज्या हातनं डावी धरवली. लई दयाळू!”

पुन्हा घंटा. माझा गाढवपणासुद्धा चमत्कारात गेला. संतापाने माझे कान तापले.

बाई दाराशी उभी होती. गुरवाने तिच्यापुढे प्रसादाच्या शिऱ्याचा द्रोण धरला. “घ्या वैनी. देवानं माफ केलं, आता तुमी बी मन मोठं करा की.”

“देवाच्या पोरीचं स्थळ मोडलं व्हतं व्हय?” ती म्हणाली.

घंटा थांबल्या.

“अण्णा, देवाच्या कानात बोलला ते तुमचं तुमी बगा. उद्या सकाळी नळावर या. जितं खोटं बोलला तितंच सांगा, पोर धडधाकट हाय म्हणून. मोडनिंबला आपसूक पोचंल. मग खाईन मी शिरा.”

“बायकांम्होरं?” अण्णा डोळे पुसत म्हणाला. “आता देवानं सोडलंय की मला!”

बाईने द्रोण उंबऱ्यावर ठेवला आणि ती निघून गेली. मागे कुजबुज सुरू झाली, बाईचं काळीज दगडाचं हाय म्हणून. अण्णाच्या काळजाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मी तिला बोळात गाठलं. “वहिनी, माझ्यामुळे घोटाळा झाला.”

“कशाला डिंक वाया घालवला, भावजी? डावी पडली असती तरी त्यो नळावर थोडाच येणार व्हता?”

सकाळी ती नळावर गेली. हंडा भरला, तरी बाजूला उभी राहिली. पाणी जाईपर्यंत उभी होती. अण्णा दुकानात बसून, गळू फुटून आराम पडला म्हणून पेढे वाटत होता. एक माझ्याही हातावर ठेवला.

तो मी गटारात टाकला. त्याच्या देखत टाकायला हवा होता, पण मी कोपरा वळून टाकला.